दुपारची वीज कोण खातं

दोन हजार बावीस साल. मला शहात्तरावं चालू होतं. गुडघे कुरकुरत होते, एका डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढला होता. पण अक्कल शाबूत होती, आणि बॅटरीच्या बाबतीत मला शिकवावं असा माणूस आमच्या अख्ख्या सेक्टरात नव्हता. फुशारकी मारत नाही, होतं ते सांगतो.

शाळा माझी चौथीपर्यंत. विशीत दिल्लीला आलो तो गावाकडच्या एका साहेबांच्या ओळखीवर. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांत फ्यूज बांध, पंखा दुरुस्त कर, गीझर उघड, असं करत जवानी काढली. मग देशाचा बाजार उघडला आणि गुडगावच्या शेतांत काचेच्या कंपन्या उगवायला लागल्या. सरकारनं पुढे त्याचं गुरुग्राम केलं, माझ्या तोंडी मात्र गुडगावच बसलंय. सगळे मला वेडा म्हणाले, पण मी तिकडे लहानसा प्लॉट घेतला, वर घर बांधलं आणि खाली इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान टाकलं. त्या नव्या वस्तीत इमारती आधी आल्या आणि वीज मागून आली, तीही लंगडत. माझं दुकान त्या लंगडण्यावर चाललं.

शिशाची बॅटरी मी हाताळली तशी कुणी पोटचं पोरही हाताळत नाही. ती दमली की कळतं, तापली की कळतं, तहानली की झाकण उघडून पाणी घालता येतं. तिच्या पोटात काय चाललंय ते तुम्हाला बघता येतं. जी वस्तू पोट उघडून दाखवत नाही तिच्यावर मी भरवसा ठेवत नाही. माणसांच्या बाबतीतही माझा तोच कायदा आहे.

आता मुद्द्यावर येतो. मला एकच मुलगा. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि एक्सप्रेसवेच्या पलीकडे एका टॉवरच्या वरच्या मजल्यावर राहतो. तिथे लाईट कधी जाते आणि कधी येते हे पंख्यालासुद्धा कळत नाही, एवढा मोठा जनरेटर. आदल्या उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी लाईट गेली ती दिवेलागणीपर्यंत आलीच नाही. आमच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झालेल्या, त्यांनी मधेच मान टाकली. बायको स्वयंपाकघरात भोवळ येऊन पडली. डॉक्टर म्हणाले उष्णता बाधली, वेळेवर आणलंत म्हणून निभावलं.

मुलगा दवाखान्यातच बोलला. ‘‘बाबा, बस झालं. दोघंही माझ्याकडे चला. हे घर भाड्यानं देऊ.’’

‘‘माझ्या घरात भाडेकरू? मी जिवंत असताना?’’

‘‘आई पुन्हा पडली तर?’’

यावर मी नुसता आवाज चढवला. बायको काहीच बोलली नाही. माझी बायको बोलत नाही तेव्हा समजावं की ती समोरच्या पक्षात गेली. नातवंडं तिकडे, सून तिकडे, लिफ्ट तिकडे. मी मनात टिपून ठेवलं.

शेवटी तह झाला. मुलगा म्हणाला, घरावर सोलर लावू, चांगली बॅटरी लावू. एप्रिलअखेरपर्यंत लाईट गेल्यावर संध्याकाळी घर नीट चाललं, तर मी परत हा विषय काढणार नाही. नाही चाललं तर सामान बांधायचं. मी म्हटलं, ठरलं. माझ्याच धंद्यात मला हरवायला निघाला होता.

मिस्त्री त्यानंच आणला, पानिपतचा. मी तेव्हाच म्हटलं, ‘‘पानिपतावर आपण एकदा हरलोय, आता परत कशाला?’’ मुलगा हसला. मिस्त्रीला मराठी कळत नव्हतं म्हणून तोही हसला. हे मला आवडलं नाही. न समजता हसणारा माणूस आणि न समजता सही करणारा माणूस, दोन्ही सारखेच धोक्याचे.

गच्चीवर पॅनल आले. जिन्याच्या खोलीत भिंतीवर एक पांढरं खोकं टांगलं. ही म्हणे लिथियमची बॅटरी. मी तिच्याभोवती फिरलो. ना झाकण, ना भोक, ना अॅसिडचा वास.

‘‘पानी कहाँ डालते हैं?’’

‘‘इसमें पानी नहीं डलता, अंकल.’’

‘‘फिर पता कैसे चलेगा अंदर क्या हाल है?’’

‘‘फोन में दिखेगा.’’

‘‘किसके फोन में?’’

‘‘भैया के.’’

म्हणजे घर माझं, छप्पर माझं, ऊन माझ्या डोक्यावरचं, आणि हिशेब मुलाच्या खिशात. पॅनल आणि बॅटरीच्या मधे चार्ज कंट्रोलर नावाची एक डबी होती. पॅनलकडून घेते आणि बॅटरीला लागेल तेवढं देते. म्हणजे दलालच. आणि मधे दलाल आला की काही ना काही वाटेत राहतंच, हे मी दिल्लीत आल्या आल्या शिकलो होतो. त्या डबीच्या बुडाला बोटाएवढी काळी कांडी होती. तिच्यातून सगळी बातमी हवेतून मुलाच्या फोनवर जायची.

पहिला घात माकडांनी केला. आमच्याकडे माकडं गच्चीवर अशी फिरतात जशी रजिस्ट्री त्यांच्या नावावर आहे. त्यांनी पॅनलच्या वायरी ओढल्या. मी लगेच लोहार बोलावून पॅनलभोवती बारीक तारेच्या जाळीचा पिंजरा करून घेतला. माणूस वाकून आत शिरेल एवढा, दाराला कडी, कडीला कुलूप. मिस्त्री कुरकुरला की जाळीचीही सावली पडते. मी म्हटलं, बारीक तार आहे, पडली तर पडू दे, माकडापेक्षा बरी. त्यानं मीटर लावून बघितलं आणि गप्प बसला. किल्ली देवघराशेजारच्या खिळ्यावर. घरात जाहीर केलं की माझ्याशिवाय पिंजऱ्यात कोणी पाऊल टाकायचं नाही.

गुढीपाडव्यापर्यंत सगळं ठाकठीक चाललं. लाईट जायची, पंखे फिरत राहायचे, आणि मी मुलाला आपणहून फोन करायचो. ‘‘तुझ्याकडे जनरेटर किती डिझेल पितो रे?’’ एवढंच विचारायचो आणि ठेवून द्यायचो.

पाडवा झाला आणि घात सुरू झाला. संध्याकाळी लाईट गेली की पंखा जेमतेम गरगरायचा आणि धप्. दिवे, पंखे, सगळं एका क्षणात गार. शिशाची बॅटरी मरते तेव्हा सांगून मरते. दिवा पिवळा होतो, पंखा मंदावतो, तुम्हाला मेणबत्ती शोधायला वेळ मिळतो. ही बया न सांगता मरायची. मी मीटर लावून बघितला. सकाळी जो आकडा, संध्याकाळीही जवळपास तोच आकडा, आणि पुढच्या क्षणी काहीच नाही. असं खोटं बोलणारी बॅटरी मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

पानिपतकराला बोलावलं.

‘‘लिथियम ऐसी ही होती है, अंकल. आखिर तक सीधी चलती है, खाली होते ही अपने को बंद कर लेती है. बचाव के लिए.’’

‘‘मतलब चोरी का माल नहीं है?’’

‘‘अंकल!’’

‘‘पुराने सेल डालकर ऊपर नया डब्बा चढ़ा देते हैं. मैंने बहुत देखे हैं.’’

तो बिचारा लाल झाला. एरवी बॅटरी फक्त उन्हावर भरायची अशी लावलेली होती; दिवसभर लाईट होती तेव्हा त्यानं ती लाईटवर गच्च भरून दाखवली आणि संध्याकाळी घर तिच्यावर चालवलं. दिवे, दोन पंखे, फ्रिज. झोपायची वेळ झाली तरी चालूच. म्हणजे बॅटरीच्या पोटात जागा होती आणि ती भरलेलं टिकवतही होती. कबूल करावं लागलं. ती रिकामी राहत होती कारण तिला दिवसा पोटभर मिळत नव्हतं. तेव्हा संशयाची सुई दलालाकडे वळली.

कंट्रोलरमध्ये बॅटरीची जात निवडावी लागते. शिशाची लावली आणि माल लिथियमचा असला तर भरणं चुकतं. मी चष्मा लावून बटणं दाबली. जात बरोबर होती. स्क्रू एकेक करून पिळले, एकही सैल नव्हता. वायरीला हात लावून बघितला, कुठे तापत नव्हती. सकाळच्या चहानंतर प्रवाह बघितला, चांगला. संध्याकाळी ऊन कलताना बघितला, उन्हाच्या मानानं चांगला. घेणारा बरोबर, देणारा बरोबर, मधला बरोबर, आणि खजिना रिकामा! हे घरचं काम असणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

दुपारी मी वर जात नव्हतो. डोळ्याच्या डॉक्टरांनी कडक उन्हात जायचं नाही म्हणून सांगितलं होतं आणि बायको त्यांच्याहून कडक होती. आमचं जेवण साडेदहालाच उरकायचं; ते झालं की पडदे ओढायची, डोळ्यांत औषध घालायची आणि म्हणायची, ‘‘आता चार वाजेपर्यंत उठलात तर बघा.’’ एवढी काळजी तिनं चाळीस वर्षांत घेतली नव्हती. मला बरं वाटायचं.

मग घरचं कोण? मी उताणा पडून विचार केला. वीज नीट चालली तर हरणार कोण? मुलगा. फोन कुणाच्या खिशात? मुलाच्या. त्या फोनवरून नुसतं बघता येतं की बंदही करता येतं? मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, ‘‘कर तो सकते हैं, अंकल, पर भैया क्यों करेंगे?’’ मी मनात म्हटलं, बाळा, तुला काय माहीत क्यों.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातून पोळ्या गुंडाळायची चांदी, ती फॉइल म्हणतात ती, आणली आणि ती काळी कांडी पुडीसारखी गुंडाळून टाकली. म्हटलं, आता कर बघू बंद. तासाभरात फोन वाजला.

‘‘बाबा, सिस्टीम ऑफलाइन दाखवतेय. ठीक आहे ना सगळं?’’

म्हणजे पाळत होतीच! मी म्हटलं, ‘‘ठीक आहे. तू ऑफिसचं काम कर.’’

पण संध्याकाळी लाईट गेली आणि थोड्या वेळात बॅटरीनं पुन्हा मान टाकली. चांदी गुंडाळलेली असूनही. आता मुलाचा हात पोचत नव्हता आणि चोरी तर चालूच होती. हिशेब नीट मांडला तर मुलगा सुटत होता. पण बापाचा संशय एका संध्याकाळत फिटत नाही.

रविवारी तो आला, थेट जिन्याच्या खोलीत गेला, आणि ती चांदी हातात घेऊनच खाली उतरला.

‘‘बाबा, हे काय आहे?’’

‘‘तुझ्या तोंडाला बांधलेलं फडकं.’’

‘‘म्हणजे? तुम्हाला वाटलं मी बंद करतोय?’’

‘‘कोण हरतंय ते बघ आणि तूच सांग.’’

तो धपकन सोफ्यावर बसला. मग हळू आवाजात म्हणाला, ‘‘मला वाटत होतं तुम्ही करताय.’’

‘‘मी?’’

‘‘दुकानात करायचात ना! बॅटरी तापली की दुपारी चार्जिंग बंद. विश्रांती द्यायची तिला. मला वाटलं हिलाही देताय. बोलायला गेलो असतो तर तुम्ही चिडला असतात.’’

‘‘मला एवढीही अक्कल नाही?’’

‘‘मग हे काय आहे? बघा.’’

त्यानं फोन माझ्या नाकासमोर धरला. रोजच्या उन्हाची रेघ होती. सकाळी वर चढत जायची, आणि अकराच्या सुमाराला कड्यावरून ढकलल्यासारखी खाली. तीनपर्यंत खड्डा. मग पुन्हा वर. पाडव्यापासून जवळजवळ रोज. ऐन उन्हाच्या वेळी खड्डा! बायको चहा घेऊन आली होती. कप खाली ठेवताना बशी वाजली. तेव्हा मला वाटलं, भांडणाला घाबरली.

‘‘पुढच्या रविवारी मुदत संपतेय,’’ मुलगा निघताना म्हणाला. ‘‘पॅकर्सना विचारून ठेवतो. नुसतं विचारून.’’

तो गेला आणि मी बसून राहिलो. तो करत नाही, मी करत नाही. मिस्त्री पानिपतला. घरात राहिलं कोण? पण ज्या बाईनं माझ्या दुकानात बसून गिऱ्हाइकं सांभाळली, तिच्यावर संशय घेताना मलाही जड गेलं. जड गेलं, पण घेतला. तिला टॉवरमध्ये जायचंय, बोलता येत नाही, म्हणून गुपचूप बटण फिरवते. सगळं जुळत होतं. ते पडदे, ते औषध, ती चार वाजेपर्यंतची ताकीद.

आठवडाभर मी काही दाखवलं नाही. शनिवारी जेवलो, आडवा झालो, औषध घालून घेतलं, आणि जरा वेळानं घोरायला लागलो. ती दारात आली, उभी राहिली, कान देऊन ऐकलं, आणि देवघराकडे गेली. किल्ली वाजली. मागच्या लोखंडी जिन्यावर पावलं वाजली, पण ती एका माणसाची नव्हती. टोळी होती!

मी त्यांना कामाला लागू दिलं आणि मग आतल्या जिन्यानं, कठड्याला धरून, एकेक पायरी चढलो. गच्चीचं दार लोटलेलं. बाहेर हसण्याचा आवाज येत होता. दार उघडलं.

पिंजऱ्याचं दार सताड उघडं. आत माझी बायको कमरेत वाकून उभी, आणि माझ्या पॅनलवर, त्या तापलेल्या काचेवर, पांढऱ्या धोतराचा लांब पट्टा अंथरलेला. पट्ट्यावर कुरडया! गव्हाच्या चिकाच्या ओल्या, पांढऱ्याशुभ्र कुरडया, एकीला एक चिकटून. शेजारच्या पॅनलवर ओढणी पसरून त्यावर हातशेवया. पाण्याच्या टाकीच्या सावलीत दोन बायका बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर सोऱ्या.

बायकोनं मला बघितलं.

‘‘अहो! तुम्ही घोरत होतात की!’’

‘‘घोरून दाखवत होतो.’’

सोऱ्यावाली पुण्याची होती, समोरच्या टॉवरमधल्या आयटीवाल्याची आई. मुलाकडे सहा महिने राहायला आलेली. ती उठून उभी राहिली. ‘‘आमच्याकडे बघू नका हं. वहिनीच म्हणाल्या की अख्ख्या गुडगावात माकड शिरत नाही अशी ही एकच जागा आहे. आमच्या बाल्कनीला कबुतरांची जाळी, ऊन येतं ते पाहुण्यासारखं. पुण्यात असते तर तुमच्या गच्चीची पायरीसुद्धा चढले नसते.’’

‘‘मग पुण्यातच करायच्या होत्या.’’

‘‘करणारच होते. मुलगा म्हणाला, ऑनलाइन मागव.’’

दुसरी सोलापूरकडची. मुलगी इथे नोकरीला, ईद तोंडावर आलेली. रोजा धरून ती शेवया वळत होती. म्हणाली, ‘‘दादा, रागावू नका. पण पिंजरा लई झ्याक बांधलाय. खालनं काच तापती, वरनं ऊन. एका दुपारी खडखडीत. असलं वाळवण आमच्या माळवदावर पण होत नाही.’’

खरं सांगतो, मला ते ऐकायला आवडलं. पण आवडलं म्हणून सोडणाऱ्यातला मी नव्हे. जिन्याच्या खोलीत जाऊन कंट्रोलरसमोर उभा राहिलो आणि तिथून ओरडलो, ‘‘पट्टा उचला!’’

‘‘ओला आहे हो!’’

‘‘उचला म्हणतो ना!’’

दोघींनी धोतर चारी टोकांनी उचललं, तिसरीनं ओढणी. आकडा सरसर वर चढला. ‘‘ठेवा!’’ ठेवलं, आकडा कोसळला. ‘‘उचला!’’ चढला. ‘‘ठेवा!’’ पडला. आम्ही चौघं म्हातारी भर उन्हात कवायत करत होतो, पण खात्री झाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला चोर आणि चोरी एकाच जागी दिसली.

‘‘एवढ्याशा पट्ट्यानं?’’ बायको म्हणाली. ‘‘अर्ध्याहून जास्त काच तर उघडी आहे.’’

‘‘पाण्याच्या नळीवर कुठेही पाय दिलास तर पुढचं पाणी अडतं ना? ह्या चौकोनांच्या ओळी तशाच आहेत. ओळीतल्या एका चौकोनावर सावली पडली की सगळी ओळ अडते.’’

‘‘हे मला कुणी सांगितलं?’’

‘‘पिंजऱ्यात शिरायचं नाही हे तर सांगितलं होतं!’’ आणि मग मला तिचा चेहरा दिसला. लालबुंद झालेला, कपाळावर घामानं केस चिकटलेले. माझा राग होता तिथून दुसरीकडेच गेला. ‘‘मागच्या वर्षी पडलीस ते विसरलीस? एप्रिलच्या दुपारी गच्चीवर? काही झालं असतं म्हणजे?’’

‘‘पडले तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटी होते,’’ ती म्हणाली. ‘‘इथे वारा आहे, टाकीची सावली आहे, ह्या दोघी आहेत. खाली तुम्ही आणि तुमचा मीटर.’’

पुण्याची बाई सोऱ्याच्या भोकांकडे निरखून बघायला लागली.

‘‘तुला टॉवरमध्ये जायचंय ना?’’ मी विचारूनच टाकलं. ‘‘म्हणून गप्प होतीस.’’

‘‘तुम्ही बोलू देता का कुणाला? तो बोलतो, तुम्ही ओरडता, तुम्ही ओरडता, तो बोलतो. मला जायचं असतं तर मी सामान बांधून दारात बसले असते. तिकडे मी काय करू? तेविसाव्या मजल्यावर लिफ्टची बटणं मोजू? सून चांगली आहे हो, पण ती सकाळी जाते ती दिवे लागल्यावर येते. इथे निदान पाडव्यापासून माझं घर भरलेलं होतं. तुम्ही झोपलेले असायचात म्हणून तुम्हाला माहीत नाही.’’

‘‘आणि ह्याच कुरडयांनी उद्या आपल्याला तिकडे नेलं असतं!’’

हे तिच्या डोक्यात उतरायला एक क्षण गेला. मग ती खाली बसली, पिंजऱ्याच्या दारातच, पदरानं तोंड पुसत. सोलापूरवालीनं तिला पाण्याचा तांब्या दिला, स्वतःचा रोजा असताना.

‘‘त्याला सांगू नका,’’ बायको म्हणाली. ‘‘उन्हात वर येत होते हे कळलं तर तो महिना संपायचीही वाट बघणार नाही. गाडी घेऊनच येईल.’’

ते खरंच होतं. आणि तो गाडी घेऊन आला असता तर त्याचं चुकलंही नसतं, हे मला त्या घटकेला कळत होतं. तेच तर वाईट होतं. मी म्हटलं, ‘‘आधी ह्या कुरडया उचला. खाली खोलीत पंख्याखाली घाला.’’

‘‘पंख्याखाली आंबतील,’’ पुण्याची.

‘‘आंबू देत.’’

‘‘आंबू देत म्हणे! तीन दिवस गहू भिजवलेत.’’ पण उचलल्या. शेवटचं टोक मी धरलं, नाहीतर ओल्या कुरडया घरंगळल्या असत्या. पिंजऱ्याला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. बायको माझ्या खिशाकडे बघत राहिली, काही बोलली नाही. ह्यावेळी तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मी लावला नाही.

संध्याकाळी लाईट गेली. पंखे फिरत राहिले, दिवे जळत राहिले. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत बसलो होतो. समोरच्या गल्लीत सगळा अंधार, आमच्या खिडकीत तेवढा उजेड. फोन वाजला. मुलगा.

‘‘बाबा, आज दुपारी अर्ध्यातून खड्डा गेला. रेघ एकदम वर. काय केलंत?’’

‘‘वायर सैल होती.’’

‘‘कुठली?’’

‘‘पॅनलची.’’

‘‘पण ती तुम्ही आणि मिस्त्रीनं दोघांनी बघितली होती. आणि सैल वायर रोज अकरा वाजता सैल होते? रविवारी सुट्टी घेते?’’

रविवारी तो येतो म्हणून बायका यायच्या नाहीत. हे त्याच्या रेघेत उमटलं होतं आणि मला सुचलंच नव्हतं. ‘‘उन्हानं धातू फुगतो,’’ मी म्हटलं.

‘‘आई कुठे आहे?’’

‘‘इथेच आहे.’’

‘‘दुपारी कुठे होती?’’

मी बायकोकडे बघितलं. ती पायाच्या बोटांकडे बघत होती. ‘‘झोपली होती,’’ मी म्हटलं. जन्मभर लोकांची खोटी बिलं आणि खोट्या बॅटऱ्या ओळखल्या, आणि स्वतः खोटं बोलायची वेळ आली तेव्हा माझा आवाज चक्क फाटला.

‘‘ठीक आहे,’’ तो म्हणाला. त्याच्या आवाजात माझाच संशय होता, अगदी माझ्यासारखा, वरून गार आणि आतून चालू. ‘‘सकाळी लवकर येतो. पॅनल स्वतः बघतो.’’

रात्री बायकोनं एकदा विचारलं, ‘‘काय करायचं?’’ मी म्हटलं, ‘‘झोप.’’

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बादली आणि फडकी घेऊन वर गेलो. बायको मागून येत होती. तिला अर्ध्या जिन्यातून परत पाठवलं आणि खाली आंब्याच्या डाळीला बसवलं, म्हणजे मुलगा आला की ती स्वयंपाकघरात दिसेल. कुलूप काढून पिंजऱ्यात वाकलो. तिरक्या उजेडात काचेवर सगळं लख्ख दिसत होतं. धोतरातून झिरपलेल्या चिकाचे पांढरे गोल, रांगेनं, कुरडईएवढे. चीक वाळला की गोंदासारखा चिकटतो. पाणी शिंपडलं, भिजू दिला, फडक्यानं घासला. गुडघे टेकवले ते उचलेनात. एकेक गोल निघत होता. खाली गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा कोपऱ्यातला एक राहिला होता. तो मी नखानं खरवडून काढला, फडकं टाकीमागे फेकलं आणि मुलगा वर यायच्या आधी खाली पोचायचं म्हणून जिना धरला.